रीत आपल्या घरची

दिवाळीची सुटी लागली की दिवेआगरच्या वाटेवर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग दिसू लागते. समुद्र आणि गाव यांच्यामधले सुरूचे बन, त्यामागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांतून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद वाटा आणि घराघरांतून मिळणारी राहण्या-जेवणाची सोय यांमुळे श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव शहरी कुटुंबांचे आवडते सुटीचे ठिकाण झाले आहे. पाहुण्यांना पहाटे समुद्रावर जायचे असते, परतल्यावर गरम न्याहारी हवी असते आणि दुपारच्या पानात उकडीचे मोदक हवे असतात. साहजिकच, ज्या दिवसांत इतरांना सुटी असते त्याच दिवसांत यजमान घराला उसंत नसते. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या मुलांना तेल लावायचे, की पाहुण्यांच्या चहाचे आधण ठेवायचे, हा प्रश्न अशा घरातील गृहिणीपुढे खराखुरा उभा असतो.

पाहुण्यांच्या कुटुंबाचीही एक अडचण असते. चार दिवसांची सुटी, आधीच पैसे भरून राखलेली खोली, तयार जेवण आणि भरपूर छायाचित्रे एवढे सारे पदरात पडूनही परतीच्या प्रवासात काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते. सण आला आणि गेला. तो आपल्या घरात उतरला का? यजमान आणि पाहुणा या दोघांच्याही मनातला हा प्रश्न एकच आहे. घरातील सणाला अर्थ कशाने येतो, तो नव्याने आणता येतो का आणि कुटुंबाच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध, याचा विचार म्हणूनच दिवेआगरपासून सुरू करणे उचित ठरेल. गेल्या तीन दशकांत या गावाने आपल्या परंपरेचे सोन्यासारखे वैभव पाहिले आणि ते हिरावले जाणेही पाहिले.

सोने गेले, चतुर्थी आली

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरात पोफळीच्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. त्याचे वजन सव्वा किलोहून अधिक भरले. पाहता पाहता ‘सुवर्णगणेशाचे दिवेआगर’ ही गावाची ओळख झाली. दर्शनासाठी दुरून माणसे येऊ लागली, त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या, घरांना खोल्या जोडल्या गेल्या.

२४ मार्च २०१२ च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा चोरीस गेला. पुढे सोन्याचा काही भाग हाती लागला, पण नव्याने घडवलेला मुखवटा मंदिरात विराजमान होण्यास नोव्हेंबर २०२१ उजाडले. म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ गावाची ओळख बनलेली ती वस्तू गावात नव्हती.

याच काळात आणखी एक आघात झाला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, वीज दीर्घकाळ गेली. त्यात करोनाची साथ. त्या वर्षीची गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती, म्हणजे वादळानंतर अवघ्या ऐंशी दिवसांनी. शहरातून येणाऱ्या चाकरमान्यांपुढे प्रवासाचे आणि विलगीकरणाचे नियम होते, अंगणात अजून पडलेली झाडे होती. तरी कोकणातील घरांनी गणपती आणले. कुठे मूर्ती लहान झाली, कुठे आरतीला नेहमीच्या पंचवीस माणसांऐवजी चारच उभी राहिली, कुठे मोदकांची संख्या घटली.

सण थांबला नाही, कारण तो मुखवट्यावर वा आराशीवर उभा नव्हता. तांदळाची उकड कोणी काढायची, पाट कोणत्या कोपऱ्यात मांडायचा, निरांजन कोणी धरायचे, विसर्जनाहून परतताना पाटावर नदीची वा समुद्राची वाळू कोणी आणायची, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. संकटात टिकून राहिली ती ही वाटून घेतलेली, अंगवळणी पडलेली छोटी कामे. घरची रीत म्हणतात ती यांनाच.

परंपरा किती जुनी असावी लागते?

‘आमच्याकडे तशी काही परंपरा नाही,’ असे अनेक तरुण कुटुंबे संकोचाने सांगतात. कोणी आंतरजातीय वा आंतरप्रांतीय विवाह केलेला असतो, कोणाचे गाव तुटलेले असते, कोणाला कर्मकांड नको असते. परंपरा ही वारसाहक्कानेच मिळते, अशी समजूत या संकोचामागे असते.

इतिहास मात्र निराळे सांगतो. दिवेआगर हे अतिशय प्राचीन गाव आहे. येथे मिळालेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. अशा हजार वर्षांच्या गावाची देशभर पोहोचलेली ओळख मात्र १९९७ सालच्या एका घटनेतून जन्मली. महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप आले ते १८९३ पासून. दिवाळी अंकाशिवाय मराठी घरातील दिवाळी अपुरी वाटते, पण तो प्रघात काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हा पडला. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रा आज गावोगाव निघतात. त्यांची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीत झाली. प्रत्येक परंपरेला कधीतरी एक पहिले वर्ष होते आणि त्या वर्षी ती करणाऱ्यांना ती नवखीच वाटली असेल. तेव्हा आपल्या घरच्या रीतीचे पहिले वर्ष हे असायला काहीच हरकत नाही. तीन वर्षे सलग केलेली गोष्ट लहान मुलाच्या दृष्टीने ‘नेहमीची’ होते. पाच वर्षे केलेली गोष्ट त्याला ‘आपल्याकडची’ वाटू लागते.

आरोग्याशी नाते

कुटुंबातील नित्यक्रम आणि रीतिरिवाज यांवर मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यास केला आहे. बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा पन्नास वर्षांतील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक उपयुक्त भेद केला आहे. नित्यक्रम आपल्याला काय करायचे ते सांगतो: दात घासणे, वेळेवर जेवणे, दिवे मालवणे. रीत ‘आपण कोण आहोत’ हे सांगते. रात्रीचे जेवण हा नित्यक्रम झाला. पण दर पौर्णिमेला सर्वांनी गच्चीवर एकत्र जेवायचे, ही रीत झाली. मुलांचे आरोग्य आणि वर्तन, पालकांना आपल्या भूमिकेविषयी वाटणारा आत्मविश्वास आणि कुटुंबातील नात्यांची घट्ट वीण यांच्याशी या दोहोंचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला.

याहून अधिक विचार करायला लावणारे काम त्यापूर्वीचे आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ स्टीव्हन वोलिन आणि मानववंशशास्त्रज्ञ लिंडा बेनेट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्यसनग्रस्त पालक असलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या घरांत मद्यपानाच्या काळातही एकत्र जेवण, सणवार, वाढदिवस यांची घडी विस्कटू दिली गेली नव्हती, त्या घरांतील पुढच्या पिढीत व्यसन उतरण्याचे प्रमाण कमी दिसले. जिथे व्यसनाने सणांचाच ताबा घेतला होता तिथे ते अधिक दिसले. एक पालक कोसळलेला असतानाही घराचा कणा ताठ राहू शकतो, हे या अभ्यासातून उमगते. आपल्याकडे कितीतरी घरांत आजीने, आत्याने वा थोरल्या बहिणीने हेच काम निमूटपणे केलेले असते.

एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हश यांनी मुलांना त्यांच्या कुटुंबाविषयी वीस प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, घरावर कोणते संकट आले होते, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. ज्यांना घराची गोष्ट अधिक ठाऊक होती त्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर आणि परिस्थिती हाताळण्याचा विश्वास अधिक आढळला. उत्तरे पाठ करून घेतल्याने हे साधत नाही, हेही ड्यूक यांनी स्पष्ट केले आहे. वर्षानुवर्षे जेवताना, प्रवासात, सणाच्या निमित्ताने वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आणि मुलांनी ऐकलेल्या गोष्टींतून ते ज्ञान झिरपते. सण हा या सांगण्या-ऐकण्याचा हक्काचा वेळ आहे. वादळात पडलेल्या पोफळी कोणी लावल्या होत्या, पणजोबा मुंबईला प्रथम कधी गेले, लाँच बंद झाली तेव्हा लग्नाचे वऱ्हाड कसे पोहोचले, हे मुलांना मोदक वळताना सांगितले तर ते त्यांच्या स्मरणात राहते.

सणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

येथे एका अप्रिय वास्तवाकडे पाहणे आवश्यक आहे. आपल्या अनेक घरांत सणाचा आनंद सर्वांचा आणि श्रम एकीचे, अशी वाटणी आहे. पहाटे उठून उकड काढणारी, सोवळ्यातला स्वयंपाक करणारी, पंगतीला वाढणारी आणि सर्वांच्या शेवटी जेवणारी स्त्री रात्री कंबर धरून बसते, तेव्हा त्या घराच्या सणाची प्रकृती ठीक नाही असेच म्हणावे लागेल. पाहुण्यांची ऊठबस करणाऱ्या किनाऱ्यावरील घरांत तर हा भार दुप्पट होतो. अपुरी झोप, उपाशीपोटी तासन्‌तास उभे राहणे, मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या त्या धांदलीत चुकणे, हे सारे सणाच्या नावाखाली खपून जाते. आईच्या थकव्यावर उभी असलेली रीत मुली उचलत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून नवी रीत सुरू करताना पहिला प्रश्न ‘काय करायचे’ हा नसावा. ‘कोण काय करणार’ हा असावा. नारळ खवणे, गूळ चिरणे, सारण परतणे, मोदकपात्रावर लक्ष ठेवणे, पाने वाढणे आणि भांडी घासणे ही सहा कामे आहेत. सात वर्षांचा मुलगा वेलदोडे सोलू शकतो, बारा वर्षांची मुलगी गूळ मोजू शकते, वडील उकड मळू शकतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना बसल्या जागी हळदीची पाने पुसता येतात. वळलेल्या मोदकाच्या कळ्या नीट जुळल्या नाहीत तरी तो वाफवल्यावर तितकाच गोड लागतो. घरातल्या स्त्रीला सणाच्या दिवशी वेळेवर जेवण आणि दुपारची विश्रांती मिळणे ही एवढी एक रीत पाळली, तरी त्या घराने पुष्कळ साधले.

कोकणाकडून घेण्यासारखे

नव्या रीतीसाठी दूर शोध घ्यावा लागत नाही. कोकणातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही प्रथा आजच्या कुटुंबांना सहज उचलता येतील अशा आहेत.

ऋषिपंचमीची भाजी पाहा. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खायचे नाही, हा त्यामागचा दंडक. अळू, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचे कणीस अशा परसातल्या भाज्या एकत्र शिजतात. परंपरेने तीत तेलाची फोडणीही नसते. आदल्या दिवशीच्या गोडाधोडानंतर पोटाला हा मोठा दिलासा असतो. ‘आज आपण कोणाच्या कष्टांचे खात आहोत?’ हा प्रश्न मुलांना विचारायला याहून सुंदर निमित्त नाही.

नरकचतुर्दशीला तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडले जाते आणि मग नव्या भाताच्या पोह्यांचे प्रकार होतात: दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, तिखट पोहे. महागड्या मिठाईच्या डब्याऐवजी घरातील प्रत्येकाने पोह्यांचा एकेक प्रकार करावा, हा दिवाळीच्या सकाळचा सोपा आणि पचायला हलका बेत आहे.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळे, फुले, शेंगा, पोफळाचे घोस टांगलेले असतात. शहरातील घरातही एक लहान चौकट घेऊन आसपासच्या दहा वनस्पती मुलांनी शोधून, नावे विचारून आणाव्यात. तेवढ्याने आरासही होईल आणि ओळखही.

यजमान घरांसाठी तर पंचांगानेच एक सोय करून ठेवली आहे. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याही दिवशी लावता येते. तोवर दिवाळीच्या पाहुण्यांची वर्दळ ओसरलेली असते. ऊस, आवळे, चिंचा, अंतरपाट आणि शेजारपाजारची मुले एवढ्यावर होणारा हा सोहळा आपल्या कुटुंबाचा मुख्य सण मानावा. लेकी-सुनांना, मुंबईच्या भावाला त्याच दिवशी बोलवावे. रुग्णालयात, पोलीस दलात, रेल्वेत, उपाहारगृहांत काम करणाऱ्या असंख्य कुटुंबांनाही सणाच्या दिवशी सुटी मिळत नाही. त्यांनाही हाच मार्ग मोकळा आहे. तिथीचा मान राखून घराच्या सोयीचा दिवस निवडणे हे आपल्या परंपरेला मुळीच परके नाही.

रुजावी कशी?

नवी रीत निवडताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती इतकी लहान असावी की घरात कोणी आजारी असताना, पैशांची ओढाताण असताना, पाऊस कोसळत असतानाही ती करता येईल. तिची वेळ ठरलेली असावी. तिच्यात घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीला स्वतःचे काम असावे. तिच्यासाठी विकत आणावे लागणारे सामान शक्य तितके कमी असावे. आणि दोन-तीन वर्षांनी ती जड वाटू लागली, तर सर्वांनी बसून ती बदलण्याची मुभा असावी.

एक साधी रीत सुचवावीशी वाटते: सणाची वही. शंभर पानी वही घ्यावी आणि दर सणाच्या रात्री त्यात एक पान लिहावे. कोण आले होते, पाऊस होता की ऊन, मोदक किती झाले, कोणती आरती कोणी म्हटली, कोणाची आठवण आली. लिहिण्याचे काम दर वर्षी वेगळ्याकडे जावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे. परगावी वा परदेशी असलेल्या मुलाचा मजकूर दूरध्वनीवरून ऐकून लिहून घ्यावा. पुढच्या वर्षी सण सुरू करण्यापूर्वी मागचे पान मोठ्याने वाचावे. दहा वर्षांनी त्या वहीएवढी मोलाची वस्तू त्या घरात दुसरी क्वचितच असेल.

ज्या वर्षी घरात सण नसतो

काही वर्षे अशी येतात की दिवा लावण्याचेही मन होत नाही. घरातले माणूस गेलेले असते. आपल्या समाजात अशा घरी त्या वर्षी दिवाळीचा फराळ करीत नाहीत; नातेवाईक आणि शेजारी आपल्या घरचा फराळ तिथे नेऊन देतात. या प्रथेतील शहाणपण मोठे आहे. शोकग्रस्त घरावर आनंदाची सक्ती नाही. पण त्या घरातील लेकरांच्या तोंडी लाडू पडतो आणि कोणीतरी येऊन घटकाभर बसते. वादळानंतर, आजारपणानंतर, नोकरी गेल्यानंतरही हे करता येते. डबा घेऊन जाताना मुलांना सोबत न्यावे. दुसऱ्याच्या दुःखात कसे बसावे, हे शिकवणारी दुसरी शाळा नाही.

आपल्याच घरी तसे वर्ष आले तर लहानसे काहीतरी चालू ठेवावे: गेलेल्या व्यक्तीच्या आवडीचा एक पदार्थ, तिच्या नावाने वहीत एक पान, दारात एकच पणती. रडू आले तर ते मुलांपासून लपवू नये. दुःख महिनोन्‌महिने ओसरेना, झोप आणि भूक परतेना, तर मात्र डॉक्टरांचा वा समुपदेशकाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. रीत आधार देते, पण ती उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

एक रोप, एक तारीख

किनाऱ्यावरील बागायतदार कुटुंबांनी विचार करावा अशी एक सूचना येथे करावीशी वाटते. ३ जून ही वादळाची तारीख दर वर्षी येते आणि तिच्या मागोमाग मृगाचा पाऊस येतो. वादळात गेलेल्या झाडांच्या आठवणीने पाऊस रुजताच घरातील मुलाच्या हाताने पोफळीचे एक रोप वाडीत लावावे. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला आहे, पण पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे सहज जातात. रोप लावणाऱ्या मुलाने दर वर्षी त्याच तारखेला त्याची उंची आणि आपली उंची वहीत लिहावी. काही वर्षांत झाड त्याला मागे टाकील आणि पहिला घोस धरेल तेव्हा तो मुलगा शाळा संपवण्याच्या बेतात असेल. सुटीत येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांनाही या लागवडीत सामील करून घेता येईल. शहरात ज्यांना वाडी नाही त्यांना कुंडीतली तुळस वा कढीलिंब पुरेसा आहे.

येत्या सणाला अजून अवकाश असेल. आज रात्री जेवताना घरातील प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: आपल्या सणातले काय तुला हवेसे वाटते, आणि कोणते काम तू स्वतःकडे घेशील? उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत आणि खाली तारीख घालावी.